यंत्राच्या डोळ्यांत धूळफेक

जुन्नर तालुक्यात आळेफाट्याहून अहिल्यानगरच्या दिशेने निघाले की थोड्याच अंतरावर राजुरी हे गाव लागते. ऊस, कांदा, टोमॅटो आणि दुभती जनावरे यांवर या परिसराचा संसार चालतो. बाजरीच्या कणसात दाणा भरू लागला की येथील शेतकरीही, महाराष्ट्रातील इतर शेतकऱ्यांप्रमाणेच, शेतात बुजगावणे उभे करतो. एक उभा दांडा, एक आडवा, त्यावर जुना सदरा आणि वर उपडे मडके. पाखराला त्यात माणूस दिसतो, कारण माणूस ओळखण्याच्या त्याच्या खुणा तेवढ्याच असतात : पसरलेले हात, हलणारे कापड आणि वर गोल डोके. शेतकऱ्याने नेमक्या त्याच खुणा उचलून पाखराच्या नजरेला फसविलेले असते. चार दिवसांनी चिमण्या बुजगावण्याच्याच खांद्यावर येऊन बसतात. मग शेतकरी सदरा बदलतो, जागा बदलतो किंवा उन्हात चकाकणारी एखादी पट्टी बांधतो.

ज्या प्रश्नाने आज जगातील संगणकशास्त्रज्ञांची झोप उडविली आहे, तो प्रश्न या बाजरीच्या शेतात बराचसा सामावला आहे. मात्र आता फसणारी नजर यंत्राची आहे, आणि फसविणारा शेतकऱ्यासारखा निरुपद्रवी असेलच असे नाही. शिवाय पाखरू चार दिवसांत आपले आपण शहाणे होते. यंत्राला कोणी मुद्दाम शहाणे केल्यावाचून ते होत नाही.

उसातला बिबट्या आणि खांबावरचा कॅमेरा

येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज आणि पिंपळगाव जोगे या पाच धरणांचा कुकडी प्रकल्प उभा राहिला आणि जुन्नर, आंबेगाव व शिरूर या तालुक्यांच्या शेतीचे रूप पालटले. पाण्यामागे ऊस आला आणि उसाच्या दाट फडात बिबट्याला आसरा मिळाला. मादी तेथेच पिले घालू लागली. एकविसाव्या शतकाच्या आरंभी या भागात माणसांवरील हल्ले वाढले, पुष्कळ बिबटे पिंजऱ्यात पकडण्यात आले आणि त्यांच्यासाठी माणिकडोह येथे निवारा केंद्र सुरू झाले. त्यानंतरही प्रश्न मिटला नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातील पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्यांच्या हल्ल्यांत लहान मुलांसह माणसांचे प्राण गेले. शेतावर जाताना गळ्याभोवती खिळ्यांचे पट्टे बांधण्याची पाळी तेथील ग्रामस्थांवर आली.

अशा स्थितीत कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या कॅमेऱ्यांकडे वनविभागाचे आणि गावकऱ्यांचे लक्ष वळावे, हे स्वाभाविक होय. वस्तीच्या वाटेवर खांब उभारावा, त्यावरील कॅमेऱ्याने दृश्य टिपावे, ते दृश्य बिबट्याचे आहे असे यंत्राने ओळखताच भोंगा वाजावा आणि वनरक्षकाच्या भ्रमणध्वनीवर सूचना जावी, अशी ही कल्पना आहे. तिचे मोल नाकारण्याचे कारण नाही. परंतु येथे चूक दोन प्रकारची होऊ शकते आणि दोन्ही चुकांची किंमत माणसाला मोजावी लागते. बिबट्या असून तो यंत्राला दिसला नाही, तर शाळेतून परतणारे मूल बेसावध राहते. बिबट्या नसताना भोंगा वारंवार वाजला, तर ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीप्रमाणे लोक त्याकडे लक्ष देईनासे होतात. दुसऱ्या चुकीकडे प्रशासनाचे लक्ष कमी जाते, कारण त्या रात्री काही घडलेले नसते.

बिबट्या स्वतः यंत्राला फसविण्याचा डाव रचीत नाही, हे खरे. त्याच्या अंगावरील ठिपके उसाच्या पानांतून पडणाऱ्या ऊनसावलीत मिसळून जातात, ही निसर्गाची करणी आहे. पण यंत्र कोठे चुकते हे ज्याला कळले आहे, असा एखादा माणूस ती चूक हवी तेव्हा घडवून आणू शकतो. गंमत म्हणून भोंगा वाजविणारा टवाळखोर किंवा कॅमेऱ्याच्या नजरेतून निसटू पाहणारा शिकारी यांचा विचार यंत्र बसविण्यापूर्वी झालेला बरा.

यंत्र पाहते म्हणजे काय करते

माणूस बिबट्या पाहतो तेव्हा त्याच्या मनात एक प्राणी उभा राहतो. यंत्रापुढे फक्त आकडे असतात. छायाचित्र म्हणजे सूक्ष्म चौकोनी बिंदूंची जाळी होय. त्यांना चित्रबिंदू किंवा पिक्सेल म्हणतात. प्रत्येक बिंदूचा लाल, हिरवा आणि निळा रंग किती, हे तीन आकड्यांनी सांगितले जाते. रुंदीला २२४ आणि उंचीला २२४ बिंदू असलेल्या लहानशा चित्रातही अशा रीतीने १,५०,५२८ आकडे होतात. हे आकडे एकामागून एक अशा अनेक थरांतून जातात. प्रत्येक थरात त्यांना ठरावीक भारांनी गुणून बेरजा केल्या जातात आणि शेवटी ‘बिबट्या’, ‘कुत्रा’, ‘माणूस’ अशा प्रत्येक नावापुढे एक आकडा उमटतो. ज्याचा आकडा मोठा, ते यंत्राचे उत्तर. थर पुष्कळ असतात म्हणून या पद्धतीला सखोल शिक्षण अथवा डीप लर्निंग हे नाव पडले, आणि भारांच्या अशा तयार रचनेला प्रतिमान किंवा मॉडेल म्हणतात.

हे भार कोणी हाताने भरीत नाही. नाव लिहिलेली हजारो छायाचित्रे यंत्रापुढे ठेवली जातात. उत्तर चुकले की कोणता भार किंचित वाढवला आणि कोणता घटवला असता चूक कमी झाली असती, याचे गणित मांडून भार बदलले जातात. असे लक्षावधी वेळा झाले की यंत्र शिकले, असे म्हटले जाते.

हेच गणित उलटे चालविणे म्हणजे फसवणुकीचा हल्ला. येथे भार स्थिर ठेवायचे आणि चित्राचे आकडे बदलायचे. कोणता बिंदू किंचित उजळला व कोणता किंचित काळवंडला तर चूक वाढेल, हे त्याच रीतीने काढता येते. प्रत्येक बिंदूतील बदल इतका थोडा असतो की माणसाच्या डोळ्याला जुने आणि नवे चित्र एकच वाटते.

एवढ्याशा बदलाने एवढे मोठे यंत्र कसे कोलमडते, ही शंका कोणालाही येईल. आळेफाट्याच्या कांदा बाजारातील एक हिशेब येथे उपयोगी पडतो. एका गोणीतून शंभर ग्रॅम कांदा कमी झाला तर तो ना शेतकऱ्याला कळेल ना व्यापाऱ्याला. पण दीड लाख गोण्यांतून प्रत्येकी शंभर ग्रॅम काढला तर पंधरा टन कांदा, म्हणजे एक ट्रक भरून माल, नाहीसा होतो. चित्रातील दीड लाख आकड्यांचेही असेच आहे. सहज पडलेल्या धुळीने किंवा धुक्याने होणारे बदल काही इकडे काही तिकडे ओढतात आणि त्यांतले पुष्कळसे परस्परांना खोडतात. हल्लेखोराने केलेले सगळे बदल एकाच दिशेने ओढणारे असतात. तेथे अपघात नसतो, हेतू असतो.

पांडा, कासव आणि ‘थांबा’ची पाटी

नको असलेली टपाले गाळणाऱ्या संगणकी चाळण्यांना फसविण्याचे प्रकार त्याआधीपासून चालू होते आणि २००४ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी त्यांचे गणित मांडले होते. सखोल शिक्षणातील हा दोष मात्र २०१३ मध्ये ख्रिश्चन सेगेडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविला. त्यांनी बदललेल्या चित्रांत शाळेची बस माणसाला बसच दिसत होती, पण यंत्र तिला शहामृग म्हणत होते. पुढच्याच वर्षी इयान गुडफेलो, जोनाथन श्लेन्स आणि सेगेडी यांनी एकाच पायरीत असा फसवा नमुना तयार करण्याची सोपी रीत सांगितली. त्यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. पांड्याच्या छायाचित्राला यंत्राने ५७.७ टक्के खात्रीने पांडा म्हटले होते. न दिसणारा बदल केल्यावर त्याच चित्राला ते ९९.३ टक्के खात्रीने गिबन माकड म्हणू लागले. चुकीचे उत्तर बरोबर उत्तरापेक्षा अधिक ठामपणे दिले गेले, ही यातील खरी काळजीची गोष्ट. यंत्राने दाखविलेली खात्रीची टक्केवारी म्हणजे सत्याची हमी, असा समज करून घेणे किती धोक्याचे आहे, हे त्यावरून दिसते.

हे सारे संगणकाच्या पडद्यावरचे खेळ आहेत, उघड्या जगात असे काय होणार, असे काहींना वाटले. तो समज फार टिकला नाही. २०१६ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी रंगीत नक्षीची चष्म्याची चौकट घालून चेहरा ओळखणाऱ्या यंत्राला एका माणसाच्या जागी दुसराच माणूस दाखविला. २०१७ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील विद्यार्थ्यांनी एक प्लास्टिकचे कासव तयार केले. त्याच्या पाठीवरील रंगांची नक्षी अशी योजली होती की जवळजवळ कोणत्याही बाजूने पाहिले तरी यंत्र त्याला बंदूक म्हणे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात रस्त्यावरील ‘थांबा’च्या पाटीवर काळ्या-पांढऱ्या चिकटपट्ट्या लावल्यावर यंत्राने ती ताशी ४५ मैल वेगमर्यादेची पाटी म्हणून वाचली. २०१९ मध्ये बेल्जियमच्या ल्यूव्हेन विद्यापीठात छापील रंगीत चित्राची एक पाटी पोटाशी धरून उभा राहिलेला माणूस कॅमेऱ्याच्या यंत्राला दिसेनासा झाला. त्याच्या शेजारी उभा असलेला, पाटी न धरलेला माणूस मात्र दिसत होता. राखणीसाठी कॅमेरा वापरणाऱ्या प्रत्येकाने हा शेवटचा प्रयोग ध्यानात ठेवावा.

हल्ला करणाऱ्यास यंत्राच्या आतील भार ठाऊक असलेच पाहिजेत, असेही नाही. एका प्रतिमानाला फसविणारे चित्र दुसऱ्या प्रतिमानालाही पुष्कळदा फसविते, असे आढळले आहे. यंत्राला प्रश्न विचारीत राहून त्याच्या उत्तरांवरून एक जुळे प्रतिमान घरी तयार करता येते, आणि जुळ्यावर सराव करून मूळ यंत्रावर घाव घालता येतो. याहून वेगळी वाट शिक्षणाच्या वेळीच विष कालविण्याची आहे. २०१७ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी शिक्षणाच्या चित्रांत अशी मेख मारून ठेवली की यंत्र एरवी चोख काम करी, पण ‘थांबा’च्या पाटीवर एक लहान पिवळा चौकोन दिसला की हमखास चूक करी. छायाचित्रांना नावे देण्याचे काम कोणाकोणाच्या हातून गेले याची नोंद नसेल, तर असली मेख शोधून काढणे फार अवघड असते.

यंत्राने कोणती खूण धरली?

या दुबळेपणाचे मूळ काय, यावर शास्त्रज्ञांत एकमत नाही. तरी दोन निष्कर्ष उपयोगाचे आहेत. जर्मनीतील ट्यूबिंगेन विद्यापीठातील संशोधकांनी मांजराच्या आकारावर हत्तीच्या कातडीचा पोत चढविलेले चित्र यंत्राला दाखविले. माणसाने त्याला मांजर म्हटले, यंत्राने हत्ती. याचा अर्थ असा की त्या यंत्राने आकाराऐवजी पोताची खूण धरली होती. बिबट्याच्या बाबतीत ही गोष्ट विशेष लागू पडते, कारण बिबट्याचा पोत ही फार ठळक खूण आहे. ज्या यंत्राने केवळ ठिपकेच पाठ केले असतील, त्याला दोरीवर वाळत घातलेली ठिपक्यांची चादर पुरे होईल, आणि चिखलात लोळून आलेला बिबट्या कदाचित ओळखू येणार नाही.

दुसरा निष्कर्ष २०१९ मध्ये मॅसॅच्युसेट्स येथूनच आला. चित्रांत माणसाला न दिसणाऱ्या, तरीही उत्तर काढण्यास खरोखर उपयोगी पडणाऱ्या नाजूक खुणा असतात. यंत्र त्यांवर भिस्त ठेवते, म्हणून त्याची टक्केवारी चढते, आणि नेमक्या त्या नाजूक खुणाच हल्लेखोर मोडतो. या मताप्रमाणे पाहिले तर यंत्राची हुशारी आणि त्याचा दुबळेपणा यांचे उगमस्थान एकच ठरते.

कोणी मुद्दाम फसवीत नसतानाही हा दोष पिकाला कसा बाधतो, याचे उदाहरण टोमॅटो उत्पादकांनी जाणून घेण्याजोगे आहे. नारायणगावची टोमॅटोची बाजारपेठ राज्यात प्रसिद्ध आहे आणि पानाचे छायाचित्र काढून रोग ओळखणारी साधने आता शेतकऱ्यांच्या भ्रमणध्वनीवर आली आहेत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या संशोधनात १४ पिकांच्या पानांची ५४,३०६ छायाचित्रे वापरली होती. त्यांत टोमॅटोही होता. राखून ठेवलेल्या छायाचित्रांवर यंत्राने ९९.३५ टक्के उत्तरे बरोबर दिली. परंतु वेगळ्या परिस्थितीत काढलेली छायाचित्रे दाखविताच हे प्रमाण सुमारे ३१ टक्क्यांवर आले. शिक्षणाची छायाचित्रे पान खुडून, साध्या पार्श्वभूमीवर ठेवून काढलेली होती. बांधावरचे पान धुळीने माखलेले, औषधाचे डाग पडलेले, शेजारच्या पानाखाली अर्धे झाकलेले असते. पहिला आकडा जाहिरातीत येतो, दुसऱ्या आकड्याशी शेतकऱ्याची गाठ शेतात पडते. अशा वेळी नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात पान दाखवून घेणे, हे चुकीच्या औषधाची फवारणी करण्यापेक्षा केव्हाही स्वस्त पडेल.

बचाव

सर्वांत भरवशाचा ठरलेला उपाय शेतकऱ्याला समजण्यासारखा आहे. वासराला लहानपणी लाळ्या-खुरकुताच्या लसी टोचाव्यात, तसे यंत्राला शिकवतानाच फसवे नमुने तयार करून त्यांची खरी नावे सांगत जावे. अलेक्झांडर माद्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ही रीत पक्की केली. दहा प्रकारच्या वस्तूंच्या लहान चित्रांवरील त्यांचे आकडे बोलके आहेत. साध्या रीतीने शिकलेले यंत्र साध्या चित्रांवर ९५ टक्के बरोबर होते, पण जोरदार हल्ल्यात अवघे ३.५ टक्के. लस टोचलेले यंत्र साध्या चित्रांवर ८७ टक्क्यांवर उतरले आणि हल्ल्यात सुमारे ४६ टक्के टिकले. लाभ मोठा आहे, पण तो फुकट मिळालेला नाही. शिवाय शिक्षणाला लागणारा वेळ अनेक पटींनी वाढतो, आणि ज्या तऱ्हेच्या हल्ल्याची लस दिली त्याहून निराळा हल्ला आला तर संरक्षण उणे पडते.

इतर उपायांचा इतिहास फारसा अभिमानास्पद नाही. निकोलस कार्लिनी आणि डेव्हिड वॅग्नर यांनी २०१७ मध्ये फसवे नमुने हुडकून काढणाऱ्या दहा पद्धती तपासल्या व दहाही चुकविल्या. पुढच्या वर्षी अनिश अथल्ये यांच्यासह त्यांनी एका प्रतिष्ठित परिषदेत नुकतेच स्वीकारलेले नऊ बचाव हाती घेतले. त्यांपैकी सात बचाव हल्लेखोराच्या गणितापुढे केवळ धूर करीत होते. धूर ओसरताच सहा पूर्णपणे आणि एक अंशतः कोसळला. बचाव सांगणाऱ्यानेच तो तपासला होता आणि तपासणारा हात सौम्य होता, हे त्यामागचे कारण. आपल्या घराचे कुलूप आपणच ओढून पाहावे आणि चोर येणार नाही म्हणावे, असा हा प्रकार होता.

गणिती हमी देणारी एक पद्धत २०१९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातून पुढे आली. चित्रावर दर वेळी वेगळी यादृच्छिक खरखर मिसळून यंत्राला तोच प्रश्न हजारो वेळा विचारायचा आणि बहुमताचे उत्तर धरायचे. बहुमत मोठे असेल तर अमुक मर्यादेपर्यंतच्या बदलाने उत्तर पालटणार नाही, असे सिद्ध करता येते. मात्र ही मर्यादा लहान असते, आणि अंगभर पांघरलेली चादर तिच्यात बसत नाही.

म्हणून गावाच्या वेशीवरील यंत्राचा बचाव एकट्या प्रतिमानावर सोपवून भागणार नाही. एका छायाचित्रावर निर्णय न घेता लागोपाठच्या दृश्यांतील चाल पाहिली, साध्या कॅमेऱ्याच्या जोडीला उष्णता टिपणारा कॅमेरा ठेवला, तर वाळत घातलेली चादर गळून पडते, कारण तिला ना चाल असते ना ऊब. उष्णतेचा कॅमेराही अजिंक्य नाही. चिनी संशोधकांनी २०२१ मध्ये लहान दिव्यांच्या पाटीने त्यालाही चकविले. पण दोन्ही कॅमेरे एकाच वेळी चकविणे एकाला चकविण्यापेक्षा पुष्कळ कठीण असते. यंत्राचा इशारा आला की छायाचित्र वनरक्षकाने अथवा प्राथमिक बचाव दलातील प्रशिक्षित तरुणाने पाहावे आणि खोटा इशारा असल्यास तशी नोंद करावी. इशारा मात्र त्या तपासणीसाठी थांबवू नये. यंत्राला बाहेरून कोणीही हवे तितके प्रश्न विचारू शकेल अशी वाट उघडी ठेवू नये, म्हणजे जुळे प्रतिमान तयार करणाऱ्याचे काम अवघड होते.

निविदेतील एक रकाना

महाराष्ट्र शासनाने जून २०२५ मध्ये कृषी क्षेत्रासाठी २०२५ ते २०२९ या काळाचे कृत्रिम बुद्धिमत्ता धोरण मंजूर केले आणि पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद केली. अशा वेळी यंत्रांची खरेदी वाढणार, हे उघड आहे. आज यंत्राच्या गुणवत्तेचा प्रश्न निघाला की बहुधा ‘अचूकता किती’ एवढेच विचारले जाते. त्याच्या शेजारी आणखी एक रकाना हवा : कोणीतरी फसविण्याचा प्रयत्न केला असता अचूकता किती, आणि तो प्रयत्न कोणी केला. विक्रेत्याने स्वतः घेतलेली परीक्षा येथे पुरेशी मानू नये. अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांकडे हे काम आनंदाने सोपविता येईल. यंत्र फोडून दाखविण्याची हौस त्या वयात उपजतच असते.

राजुरीसारख्या गावात ही परीक्षा घेण्यास प्रयोगशाळा लागणार नाही. ठिपक्यांची चादर पांघरून एक माणूस कॅमेऱ्यासमोरून चालत जाईल, दुसरा वाकून जाईल, तिसरा रंगीबेरंगी फलक पुढे धरील. एखादे कुत्रे, एखादे वासरू त्याच वाटेने नेले जाईल. हे सर्व दिवसा, सांजेला, धुक्यात आणि काचेवर धूळ बसल्यावर करून पाहावे, प्रत्येक वेळी यंत्राने काय म्हटले ते वहीत लिहावे आणि ती वही ग्रामपंचायतीत ठेवावी. ऊसतोडणी सुरू झाली की फड उघडे पडतात, पाचट पसरते, बिबट्याची मादी पिले घेऊन जागा बदलते आणि कॅमेऱ्यासमोरचे सगळे दृश्यच निराळे होते. तेव्हा फेरपरीक्षा तोडणीच्या पहिल्याच आठवड्यात घेतली पाहिजे, आणि प्रतिमानात सुधारणा केल्याचे विक्रेत्याने कळविले की त्या दिवशी पुन्हा एकदा.